दुसऱ्या मामाची चौकट

बाई,

तुमचं सदर मी रात्रपाळीला वाचते. आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं.

मी ३८ वर्षांची आहे, पिंपरी-चिंचवडमधल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स. माहेर अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या रांगेतली तीस घरांची वाडी. आम्ही महादेव कोळी. आता गाडीरस्ता झालाय. माझ्या लहानपणी ओढा ओलांडून दोन तास चाललं की मग दवाखाना. १९९५च्या आवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, माझा धाकटा भाऊ गेला, दीड वर्षाचा होता. मी आठ वर्षांची. आई आवणीला जायची आणि मी शाळा बुडवून त्याला सांभाळायचे. त्याला हगवण लागली. आई जाताना सांगून गेली, 'पाणी नको दिऊ, अजून पातळ व्हईल.' तो दिवसभर 'मम, मम' करत होता. मी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा त्याला खांद्यावर टाकून निघाले, पण ओढ्याला पूर होता. दुपारी तसेच परत आले. आई मला एवढंच म्हणाली, 'तुह्याजवळ ठेवला व्हता ना गं.' त्यानंतर आजपर्यंत ती त्याच्याबद्दल माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. पुढच्या जूनमध्ये मला आश्रमशाळेत टाकलं. मला ती शिक्षाच वाटली.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी जलसंजीवनी शिकवली, तेव्हा मी तास सोडून बाहेर गेले होते.

यंदा माझा मुलगा आठ वर्षांचा झाला. शाळेत त्याला घरच्या माणसांचा तक्ता करायला सांगितला. मी त्याला एकच मामा सांगितला, गेलेल्या भावाच्या नंतर झालेला, आता गावी शेती बघतो तो. मुलानं फोनवर आजीला विचारलं तर ती म्हणाली, 'दोन मामा हायेत तुला.' त्यानं तक्त्यावर दुसरी चौकट आखून ठेवलीय. रिकामी. रोज विचारतो. मिस्टर म्हणतात, जुनं कशाला उकरून काढायचं. आईला इथे आणलं तर चार दिवसांत परत जाते. मला तिचा राग येतो, आणि राग आला की स्वतःचीच लाज वाटते. मुलाला मी गावी कधी मुक्कामाला नेलं नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्याला काय सांगू? आणि आईचं काय करू?

— एक वाचक

* * *

तू मला 'बाई' म्हटलंस, शाळेतल्यासारखं, म्हणून मीही तुला अगं-तुगं करते. माझी नोकरीची बरीच वर्षं डोंगरातल्या शाळांवर गेली. त्यामुळे तुझी वाडी मी पाहिली नसली तरी तो ओढा मला दिसतो. श्रावणाच्या आधीचा, गढूळ, आणि वरून झाडाची फांदी वाहत आली की काठावरच्या माणसांनी नुसतं बघत राहायचं, असा.

आधी पाण्याचं बोलू. तुझ्या पत्रात राग आईवर आहे, पण ओझं त्या पाण्याचं आहे.

मीठ, साखर आणि पाणी किती घ्यायचं ते तुला मी काय सांगणार, रोज तू दहा आयांना सांगत असशील. पण ही गोष्ट कुठून आली ते तुझ्या वर्गात कुणी सांगितलं होतं का? १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं मरायला लागली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि आजाऱ्यांच्या घरच्यांनाच सांगितलं, कपानं पाजत राहा. शंभरातली तीस माणसं दगावत होती, ती तीन-चारवर आली. म्हणजे हगवणीला पाणी तोडायचं नसतं, पाणीच द्यायचं असतं, हे तू जन्मायच्या सोळा वर्षं आधी आपल्याच देशात सिद्ध झालं होतं. १९७८ पासून जागतिक आरोग्य संघटनाही ते जगभर सांगत होती. आणि १९९५च्या आषाढात ते तुमच्या वाडीत पोचलेलं नव्हतं. चोवीस वर्षं झाली होती. मधल्या वाटेवर किती डॉक्टर, किती साहेब, किती योजना, किती कागद होते. त्यातल्या कुणालाही जे दोन तासांची चढण चढून नेता आलं नाही, ते एका आठ वर्षांच्या पोरीला आपोआप ठाऊक असायला हवं होतं, असा तुझा स्वतःवर आरोप आहे. मला तो मान्य नाही. तू त्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसाचं ऐकलंस, तो रडत असताना ऐकलंस, तुझं मन नको म्हणत असताना ऐकलंस. आठ वर्षांच्या मुलीकडून याहून जास्त जबाबदारीनं कुणी काय वागणार?

तुला पटत नसेल तर आज रात्री मुलगा झोपला की त्याचा हात हातात घे. मनगट बघ. तुझंही तेव्हा एवढंच होतं. उद्या ड्युटीला जाताना त्याच्याजवळ एक आजारी बाळ ठेवून, 'पाणी देऊ नकोस' म्हणून तू निघून गेलीस आणि बाळाचं बरंवाईट झालं, तर तू कुणाला जबाबदार धरशील? या प्रश्नाचं तुझं जे उत्तर येईल तेच तुझ्या बाबतीतही खरं मान. मला वाटतं, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं यंदाच वर आलं, कारण यंदा तो तुझ्या त्या वयाचा झाला. तक्ता निमित्त झाला.

आता आई.

तुझा राग खोटा नाही, आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. पावसाळ्यात माझ्या हजेरीपटावर जी नावं लाल व्हायची त्यात मुलीच जास्त असायच्या. मुलगे मागच्या बाकावर ओले बसलेले, आणि त्यांच्या बहिणी घरी भावंडं सांभाळत. कुणी कुणी शाळेतच यायच्या, कडेवर पोर घेऊन. एक होती तिसरीतली. तिचं कडेचं पोर तासभर रडत राहिलं. वरच्या वर्गाची परीक्षा चालू होती. मी तिला म्हटलं, याला घरी ठेवून ये. ती मान हलवून गेली. पुन्हा आलीच नाही. घरी ठेवायला घरी कुणी असतं तर ती त्याला घेऊन आलीच नसती, एवढं मला तेव्हा सुचलं नाही. मी ते अजून विसरलेले नाही, आणि विसरूही नये असं मला वाटतं. म्हणून तुझं बालपण तुझ्याकडून घेतलं गेलं, असं तू म्हणालीस तर 'जाऊ दे, तेव्हा असंच होतं' असं मी म्हणणार नाही.

पण ते कुणी घेतलं, हे एकदा नीट मांडून बघ. तुमच्या घराचं ते वर्ष तू आठव, मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी. तुमच्याच तालुक्यात घाटघर-रतनवाडीच्या बाजूला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि सगळा उतारावरून वाहून जातो. त्याच जिल्ह्यात पूर्वेला संगमनेरला उतरलं तर पाचशेच्या आसपास. तरी बागायत त्यांची आणि मार्चमध्ये कोरडा हंडा तुमचा. खाचराचं भात होळीपर्यंत पुरलं तर नशीब. मग वरई-नाचणी, मग हिरडा, मग नारायणगावच्या बाजारात मजुरीला उभं राहायचं. मे महिन्यात परत येऊन रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजायचा आणि जूनमध्ये पेरायचं. रोप एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं की आवणी व्हायलाच हवी. ते तसंच उभं राहिलं तर थोराड होतं, फुटवे धरत नाही, आणि त्या खाचराचं वर्ष गेलं. त्या पंधरा-वीस दिवसांत सगळी वाडी गुडघाभर चिखलात वाकलेली असते, आज तुझ्यात, उद्या माझ्यात. त्यातली एक बाई घरी बसली की तिच्या खाचरात कोण येणार? कणगी तळाला गेलेली असते ती नेमकी याच दिवसांत. तुझी आई त्या दिवशी आजारी बाळाला टाकून 'कामाला' गेली असं तुझ्या मनात कुठेतरी आहे, असं मला पत्र वाचताना जाणवलं. ती बाळाला ठेवून तुम्हा सगळ्यांचं पुढच्या होळीपर्यंतचं खाणं लावायला गेली होती. हगवण तर वाडीत दर पावसाळ्यात सगळ्याच पोरांना लागायची, बहुतेक बरी व्हायची. ती संध्याकाळी परतणार होती.

यामुळे तुझा राग विरघळून जाईल असं मला म्हणायचं नाही. हिशेब समजला तरी राग उरतो, उरू दे. फक्त ज्याच्या नावावर जेवढा आहे तेवढाच तिथे टाक. पुलाचा राग आईवर नको. दवाखान्याच्या अंतराचा राग आईवर नको. आशाताई आल्या २००५ नंतर, १०८ची गाडी आली २०१४ला, गाडीरस्ता तू म्हणतेस तसा आत्ता आत्ता. हे सगळं नसण्याचा राग तू तीस वर्षं एका बाईवर काढते आहेस, आणि उरलेला स्वतःवर.

आईच्या नावावर खरोखर उरतं ते एकच वाक्य. 'तुह्याजवळ ठेवला व्हता ना गं.' ते तिनं म्हणायला नको होतं. कुठल्याही लेकराला म्हणू नये असं ते वाक्य आहे, आणि तुला ते जन्मभर पुरलं. हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही.

पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली आहे का, मला माहीत नाही. पाणी नको देऊ, हे तुला आईनं सांगितलं होतं. तिला तिच्या आईनं सांगितलेलं असणार. तुला ते चूक होतं हे नर्सिंगच्या वर्गात कळलं आणि तू बाहेर गेलीस. तुझ्या आईलाही ते कधीतरी कळलंच असेल ना? आशाताई वाडीत यायला लागल्यावर, अंगणवाडीच्या पडवीत, दहा बायकांत बसलेली असताना. समोर एक पोरगी पुडी फोडून तांब्यात घालतेय आणि सांगतेय की पोराला जुलाब लागले तर पाणी तोडायचं नाही, घोट घोट पाजत राहायचं. आणि तुझी आई ऐकतेय. तू तास सोडून जाऊ शकलीस. ती उठून कुठे गेली असेल? मला वाटतं, ती उठलीच नसेल. ऐकून घरी आली असेल आणि चूल पेटवली असेल. तिच्या तीस वर्षांच्या गप्प बसण्यात तुझ्यावरचा ठपका आहे असं तू धरून चालली आहेस. त्यात दुसरंही काही असू शकतं. खरं काय ते तिलाच ठाऊक, मी अंदाज करतेय. पण तू तिच्याबद्दल जे ठरवून बसलीस तोही अंदाजच आहे, तो जुना आहे इतकंच.

आश्रमशाळेचंही तसंच. तुला ती शिक्षा वाटली. वाटणारच. पहिल्या रात्री पत्र्याच्या खोलीत शंभर पोरींमध्ये, अंगावर घरची गोधडी नाही, आई दिवाळीशिवाय दिसणार नाही, मी त्या पोरींचं रडणं ऐकलंय. एकीनं सुरू केलं की सगळी रांग रडते, आणि बाहेर पाऊस असला तर अधिकच. पण तिथे दोन वेळचं जेवण होतं, आणि तिथे कुणाचं पोर तुझ्या कडेवर नव्हतं. भाऊ गेल्यावर वर्षाच्या आत तुझ्या आईनं तुला त्या घरातून, त्या कामातून बाहेर काढलं. तुझ्यावर विश्वास उरला नाही म्हणून, की पुन्हा असं काही तुझ्या पदरी येऊ नये म्हणून? तिला विचार. आणि हेही विचार, की नंतरचा भाऊ झाला तेव्हा आवणीत त्याला तिनं कुणाजवळ ठेवला. याचं उत्तर मला ऐकायला आवडलं असतं.

ती तुझ्याकडे चार दिवसांवर राहत नाही, याचं तुला वाईट वाटतं. ज्या बाईचे हात पहाटे चारपासून चालू असतात तिला फ्लॅटमध्ये करायला काही नसतं, हे एक कारण झालं. पण आपल्याकडे एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. तुझ्या वाडीच्या शिवारात, कुठल्या तरी बांधाशी, झाडाखाली ती जागा असेल, आणि ती तुझ्या आईला ठाऊक असेल. तुला ठाऊक आहे का? ती परत जाते तेव्हा नुसती शेळ्यांकडे जात नसेलही.

तर गावी जा. मुलाला घेऊन जा आणि मुक्काम कर, निदान चार रात्री. पावसात जाऊ नकोस. आवणीच्या दिवसांत आईला सवड नसेल आणि ओढ्याचा आवाज ऐकून तुझंच धैर्य जाईल. पावसाळ्यात तिकडे रस्ताभर धबधबे बघायला आलेल्यांच्या गाड्या असतात. ती मंडळी परत जाताना म्हणतात, इथली माणसं किती साधी, गरिबीतही किती आनंदी. मला ते ऐकवत नाही. तुझ्या मुलानं गावाची पहिली ओळख त्या गर्दीतून करून घेऊ नये. मेच्या सुट्टीत जा. अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला असेल, करवंदं पिकलेली असतील. पाण्याचे हाल असतील, असू देत. पहाटे आई झऱ्यावर निघाली की तिच्याबरोबर निघ. झऱ्यात बसून वाटीवाटीनं हंडा भरायला वेळ लागतो, अंधार असतो, आणि दोघींनाही एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. असं बोलणं समोरासमोर बसून होत नाही. हिरडा निवडताना होतं, भांडी घासताना होतं.

सुरुवात 'तू तेव्हा मला असं का म्हणालीस' इथून करू नकोस. तिथून सुरू केलंस तर तिला फक्त स्वतःचा बचाव करता येईल, नाहीतर ती उठून जाईल. 'तो कसा होता गं?' एवढंच विचार. कुणासारखा दिसायचा, चालायला कधी लागला, काय खायचा. तिला आठवत असेल. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलेलंच नाही. ती गप्प राहिली तर हंडा उचल आणि चालायला लाग, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचंच आहे.

आणि एकदा, जमेल तेव्हा, तुझं तू सांगून टाक. 'तो पाणी मागत व्हता आई. तू नको म्हणाली म्हणून मी नाही दिलं.' तुझ्या बोलीत सांग, शहरातल्या भाषेत नको. तिला हे माहीतच नसण्याची शक्यता आहे. ती खाचरात होती, तिनं 'मम, मम' ऐकलेलं नाही. तुझा तो दिवस कसा गेला हे तिला तीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. हे ऐकून ती काय करेल मी सांगू शकत नाही. रडेल, चिडेल, कदाचित तेच वाक्य पुन्हा म्हणेल. म्हणाली तर या खेपेला तुला उत्तर देता येईल: मी आठ वर्षांची व्हते आई. एवढंच म्हण आणि थांब. काहीही झालं तरी तिला जलसंजीवनी समजावायला बसू नकोस. त्या घटकेला ती तुझी पेशंट नाही आणि तू नर्स नाहीस.

मुलाचं तुला वाटतं तितकं अवघड नाही. मुलांना खरं थोडक्यात सांगितलं की ती पचवतात. लपवलेलं मात्र त्यांना वासावरून कळतं, आणि मग ती स्वतःच काहीतरी भयंकर रचतात. गावी जायच्या आधीच सांग: 'तुला अजून एक मामा होता. तो दीड वर्षाचा असताना आजारी पडला आणि वारला. पावसामुळे दवाखान्यात नेता आलं नाही. मी तेव्हा तुझ्याएवढी होते. मला त्याच्याबद्दल बोलताना अजून रडू येतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं.' बस. पाण्याचं आत्ता सांगू नकोस. ते तो अठरा-वीस वर्षांचा झाला की सांग, तेव्हा त्याला पेलेल. तो लगेच विचारेल, 'मी पण आजारी पडून मरेन का?' तेव्हा हसण्यावारी नेऊ नकोस. आता औषध काय असतं, तू काय करतेस, दवाखाना किती जवळ आहे, ते सांग. या बाबतीत त्याला तुझ्याहून चांगलं उत्तर कोण देणार?

एक मात्र टाळ. 'आम्ही बघा कसे दिवस काढले आणि तुम्हाला सगळं आयतं' हा सूर त्याच्यासमोर लावू नकोस. अर्धा ग्लास पाणी टाकलं म्हणून तुझा कधी स्फोट होत असेल, तर तो पाण्यासाठी नसतो हे तुला कळतं, त्याला कळत नाही. तुझं बालपण त्याच्या डोक्यावर हाणायची काठी झालं तर तो ते कधीच विचारणार नाही. त्याला चढणीचे मासे सांग. पहिल्या पावसात ओढ्याच्या वरच्या अंगाला उड्या मारत निघालेले, टोपलीत धरलेले. खेकड्याचं बीळ कसं ओळखायचं ते सांग, युरियाच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन शाळेत कसं जायचं ते सांग. आणि तुझा भाऊ तुझ्या कडेवर दीड वर्षं होता, एकच दिवस नव्हता. त्या दीड वर्षात तो हसला असेल, तुझे केस ओढले असतील, करवंदाच्या जाळीत तुझ्या हातून तोंड लाल करून घेतलं असेल. तुझ्या आठवणीत त्याचा शेवटचा दिवस एवढा पसरलाय की बाकीचे पाचशे दिवस त्याच्याखाली गेलेत. ते मुलाला सांगायच्या निमित्तानं तुलाच परत मिळतील.

मिस्टरांना हे पत्र वाचायला दे. त्यांना तुझी काळजी आहे, म्हणून ते उकरू नको म्हणतात. पण हे पुरलेलं नाहीच, रोज रात्रपाळीला तुझ्याबरोबर येतंय. त्यांनी पहिल्या खेपेला घरी राहिलं तरी चालेल. आणि परत आल्यावर झोप उडाली, कामावर जुलाबाचं पोर आलं की हात थरथरायला लागले, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर बोल. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथून पुढे समुपदेशकाकडेही पाठवतात. नर्सनं मदत मागू नये असा कुठे नियम नाही.

राहिली एक गोष्ट. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात ओढा आहे, आवणी आहे, आईचं वाक्य शब्दाला शब्द आहे. भावाचं नाव मात्र कुठेच नाही. पत्राखाली तू स्वतःचं नाव न लिहिणं मी समजू शकते, पण त्याचं नाव तू माझ्यापासून लपवलंस असं मला वाटत नाही. तुझ्या हातून ते लिहिलं गेलं नाही.

तक्ता गावी जाताना बरोबर ने, गुंडाळी करून, प्लास्टिकमध्ये. पेन्सिलही ने. मुलाला आजीच्या शेजारी बसव आणि तिला विचारू दे, दुसऱ्या मामाचं नाव काय होतं. आजी सांगेल तसं त्याच्याच हातानं चौकटीत लिहू दे. तू तिथेच बस, हिरडा निवडत.